ड्रमातल्या साती आसरा

शिवगंगाबाई भित्र्या. त्या स्वतःच तसं सांगतात, लपवत नाहीत. पालीला भितात. आभाळ गडगडलं की डोक्यावर पदर घेऊन देवघरापुढं बसतात. एसटीत चढल्या की उतरेपर्यंत तोंडातलं तुळजाभवानीचं नाव सुटत नाही, शेजारच्या बाईनं कितीही गप्पा मारायला बघितलं तरी. पण सगळ्यात जास्त भितात त्या विहिरीला.

माहेर नळदुर्गकडचं. तिकडं आईला अव्वा म्हणायची रीत. अव्वानं लहानपणीच सांगून ठेवलेलं, की विहिरीत वाकून बघायचं नाही. खाली साती आसरा बसलेल्या असतात. पाण्यातल्या सात बहिणी त्या. जिथं डोह, जिथं ओढा, जिथं विहीर, तिथं त्यांचा वास. हात जोडून हिरवा खण वाहिला, दहीभात ठेवला, तर लेकरावर माया करावी तशी माया करतात. पण त्यांच्या नजरेला नजर भिडवली, तर बोलावून घेतात. शिवगंगाबाईंनी ते जे मनात धरलं ते आजतागायत. पाणी शेंदायचं तर कठड्याकडं पाठ करून, मान वळवून. मैत्रिणी हसायच्या. हसू देत.

आणि देवाची करणी अशी, की लग्न होऊन आल्या त्या ढोकीजवळच्या गावात, थेट विहिरीच्या उशाला. तेरणेच्या काठाला ऊस, उसाच्या कडेला जुनी दगडी विहीर, आणि त्या विहिरीवर जीव टाकणारा नवरा, कोंडीराम.

कोंडीरामांचं सगळं वय डिझेल इंजिनापाशी गेलं. दिवसा शेतीला लाइट नसते. रात्री येते, तीही तिच्या मर्जीनं. त्यामुळं थोरल्या मालकांनी, म्हणजे शिवगंगाबाईंच्या सासऱ्यांनी, घेतलेलं छोटं इंजिन त्यांनी अजून चालतं ठेवलंय. मोटरी आल्या आणि जळाल्या, इंजिन आपलं जागेवर टुक टुक करतंय. त्या टुकटुकीनं एक मात्र केलं. कोंडीरामांचे कान नेले. आता कानात बोललं तरी अर्धंच कळतं, आणि स्वतः बोलतात ते चार शेतं पलीकडं ऐकू जातं. घरातलं गुपित घरात राहत नाही ते यामुळंच, असं त्यांचा धाकटा भाऊ अमरसिंह म्हणतो.

ज्याचे कान गेले त्याला इंजिनाचा बदललेला आवाज कसा कळावा? म्हणून शिवगंगाबाई इंजिनापाशी बसू लागल्या. विहिरीकडं पाठ, इंजिनाकडं तोंड. हातात फुलवाती वळायचा कापूस. नवरा उसात पाणी फिरवतोय, आणि ही बाई वाती वळता वळता इंजिन ऐकतेय, असं चित्र त्या वाटेनं जाणाऱ्यांना कितीक वर्षं दिसलंय.

इंजिनाची नाडी कशी बघायची ते कोंडीरामांनीच शिकवलेलं. इंजिनाशेजारी लोखंडी ड्रम, काठोकाठ पाण्यानं भरलेला. ड्रमाच्या तळातून एक पाइप इंजिनाच्या पोटात जातो, त्यातून गार पाणी आत जातं. आत तापलं की ते आपोआप वर चढतं आणि वरच्या पाइपातून परत ड्रमात येऊन पडतं. ना पंखा, ना पंप. तापलेलं वर, गार खाली, बास. हे फिरत राहिलं तर इंजिन चालतं.

"लई गार बी चांगलं न्हाय," कोंडीरामांनी सांगितलेलं. "गार पडलं की डिझेल नीट जळत न्हाय, काजळी धरतंय, काळा धूर टाकतंय. आन लई तापलं तर पिस्टन जागच्या जागी धरतोय. वरचा पाइप हातानं धरून बघत जा. चटका सोसंल एवढंच गरम पायजे."

"सोसंल म्हंजी किती?" शिवगंगाबाईंनी विचारलेलं.

यावर कोंडीराम बायकोचा स्वभाव ध्यानात घेऊन म्हणाले, "पाइप धर आन 'आई राजा उदो उदो' म्हण. तीनदा म्हणून झालं आन हात काढावासा वाटला, तर बेस. एकदाच म्हणता आलं तर तापलंय. पाच पाच बार निवांत म्हणता आलं तर गार पडलंय."

बाईंना हे माप इतकं पटलं, की कुणी घड्याळ बघून सांभाळणार नाही तेवढ्या नेमानं त्यांनी या मापावर इंजिन सांभाळलं. नवऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून बोटांची खूण ठरली. तो लांबून ओरडायचा, "किती?" आणि ही हात वर करायची. तीन बोटं म्हणजे ठीक. एक म्हणजे तापलंय, धावा. पूर्ण पंजा म्हणजे गार पडलंय, येऊन बघा. वर्षानुवर्षं तीनच बोटं वर व्हायची.

त्या वैशाखात विहिरीचा गाळ काढायचा ठरला. पावसाळ्यात उसाची आडसाली लागण करायची, तर पाणी पुरायला पाहिजे, आणि विहीर गाळानं निम्मी भरलेली. कळंबहून दादामियाँची यारी आली. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभी करतात ती लोखंडी उचलणी. तिच्या तारेला मोठी बादली बांधून खालचा गाळ वर काढतात. दादामियाँ दाढी पिकलेला, सावकाश बोलणारा माणूस. यारी चालवताना तोंडात सुपारी आणि नजर तारेवर. खाली कोंडीराम, अमरसिंह आणि दोन गडी. विहिरीला एका अंगाला पायऱ्या. पायऱ्यांच्या पहिल्या रुंद टप्प्यावर, कठड्याला लागून, इंजिन आणि त्याचा ड्रम. झऱ्यांचं पाणी सारखं उपसत राहायचं, म्हणजे खालच्यांना गाळ भरता येतो.

पण काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच शिवगंगाबाईंच्या जिवाला घोर लागला. विहीर कोरडी ठेवायची, तर आसरांनी जायचं कुठं? विहिरीच्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात खडे होते, पिढ्यानपिढ्याचे. गाळाच्या बादल्या तिथूनच घासत जाणार. मळक्या पायांचे गडी तिथंच हात टेकणार. त्यांनी जावेला, सत्यभामाला, विचारलं.

"घागरीत ठेवा की पाण्यात," सत्यभामा म्हणाली.

"घागर येवढीशी. कुणी बी उचलतंय, कुणी बी वततंय."

आणि मग त्यांना ड्रम दिसला. कायम भरलेला, स्वच्छ पाण्याचा. त्यात कोणी हात घालत नाही, वरून भर घालायची तेवढीच. शिवाय डोळ्यांसमोर. कामाच्या पहिल्या सकाळी अंघोळ करून त्यांनी सातही खडे नव्या हिरव्या खणात गुंडाळून ड्रमात सोडले, वर झेंडूची फुलं सोडली, हळद-कुंकू वाहिलं आणि मनात बोलल्या, आयांनो, काम संपेस्तोवर इथं नांदा, तोवर या पाण्यात मी हात घालणार नाही की कुणाला घालू देणार नाही.

अमरसिंहानं ते बघितलं. "वयनी, आता इंजानाला बी उपास धरायला लावा. दर मंगळवारी डिझेल बंद, नुसता साबूदाणा."

"गप बसा भावजी. देवाची चेष्टा न्हाय बरी."

"चेष्टा कुठं करतोय? दादाला सांगितलं का, त्याच्या ड्रमात सात सात पावण्या आल्यात म्हणून?"

सांगितलं नव्हतं. संध्याकाळी सांगू, असं मनाशी म्हणाल्या. संध्याकाळी सांगायचं राहून गेलं.

दुसरा दिवस उजाडला. ऊन चढलं. इंजिन सकाळपासून टुकटुकत होतं, यारी करकरत होती, खालून अमरसिंहाची बडबड वर येत होती. शिवगंगाबाई नेहमीसारख्या पाठमोऱ्या बसून वाती वळत होत्या. मधूनच उठून त्यांनी वरचा पाइप धरला.

आई राजा उदो उदो. तीनदा झालं. चटका नाही. चौथ्यांदा, पाचव्यांदा म्हटलं. हात निवांत. पाइप नुसता कोमट.

वैशाखाच्या उन्हात, सकाळपासून चालणारं इंजिन, आणि पाइप कोमट! त्यांच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, आनंदाचा. आया पावल्या. ड्रमात बसल्या आणि त्यांनी इंजिनाला गारवा दिला. बाईंनी डोळे मिटून ड्रमाला हात जोडले.

"किती?" खालून कोंडीरामांची गर्जना आली.

ठरल्याप्रमाणं पंजा दाखवायला हवा होता. पण पंजा दाखवला की ते वर येणार, ड्रमात बघणार, खण बघून रागावणार, आणि आयांच्या बसल्या जागेला धक्का लागणार. गारच तर आहे, तापलं तर नाही ना. शिवगंगाबाईंनी खाली न बघता हात कठड्यावरून बाहेर काढला आणि तीन बोटं दाखवली.

जरा वेळानं खालून आवाज आला. आधी दगड घसरल्याचा, मग धप्प असा, आणि मग अमरसिंहाची किंकाळी. आयुष्यात बडबडीशिवाय ज्याच्या तोंडून काही निघालं नाही, त्याची किंकाळी.

"दादाऽऽ! आरं दादाचा पाय गुतला!"

यारी थांबली. दादामियाँ काठावर धावले. सत्यभामा गड्यांची भाकरी घेऊन येत होती, ती टोपलं टाकून पळत आली. शिवगंगाबाई उठल्या, आणि कठड्याकडं पाठ करून तिथंच उभ्या राहिल्या. खाली बघावं लागणार होतं.

त्यांनी बघितलं. अव्वाची शिकवण, इतक्या वर्षांचं मान वळवणं, सगळं बाजूला ठेवून त्या कठड्यावर वाकल्या. खाली अंधारं, ओलं, काळं. गाळ निघाल्यावर बांधणीतला सगळ्यात खालचा मोठा दगड सुटून घसरला होता, आणि कोंडीरामांचा पाय गुडघ्यापर्यंत त्याच्याखाली अडकला होता. दगड निघाला तिथून, त्याच्या मागच्या पोकळीतून, मनगटाएवढी पाण्याची धार फुटली होती. इतका वेळ कोंडलेला झरा मोकळा झाला होता.

"साखळी सोडतो, दगडाखालून घाला!" दादामियाँ ओरडले. "घाई नको. हळू. यारी उचलंल."

"घालायला जागा पायजे चाचा! खाली गाळ हाय, पानी हाय, दिसत न्हाय!" अमरसिंहानं वर तोंड केलं. "वयनी, तेवढं इंजान बंद पडू देऊ नका! पानी चढाय लागलंय!"

आणि त्याच क्षणी शिवगंगाबाईंना ऐकू आलं. इतका वेळ भीतीनं कान बंद झाले होते ते उघडले. टुक टुक नव्हतं. आवाज जाडा झाला होता, दम लागलेल्या माणसासारखा. आणि वास. तापलेल्या रंगाचा, जळक्या तेलाचा वास.

वळून त्यांनी पाइपाला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. 'आई' एवढंही म्हणून झालं नव्हतं. पाइपाच्या तोंडातून गुडगुड करत वाफ येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. त्यांनी ड्रमाच्या अंगाला हात लावला. ड्रम गार. माठासारखा गार.

मघाशी पाइप कोमट का होता ते आत्ता कळलं. तो आयांचा गारवा नव्हता. पाइपातून काही येतच नव्हतं, म्हणून तो कोमट होता. पाणी फिरायचं बंद झालं होतं. आत अडकलेलं पाणी नुसतं उकळत होतं, आटत होतं.

"किती?" खालून कोंडीराम. पाय दगडाखाली, कमरेला पाणी, आणि माणूस इंजिनाची विचारपूस करतोय! कान गेलेले, त्याला दुसरं कळणार तरी कसं? वर तोंड करून बायकोच्या हाताकडं बघत होता. त्याचं जगणं-मरणं त्या इंजिनावर होतं, आणि त्याला एवढंच विचारायचं होतं.

एक बोट दाखवायचं, तर तो धडपडेल. पाय ओढेल, तोडून घेईल. शिवगंगाबाईंनी खाली त्याच्याकडं बघतच हात पुढं केला. तीन बोटं.

मग वळल्या त्या वळल्याच.

सत्यभामा घागर भरून इंजिनावर रिकामी करायला निघाली होती. "जळतंय की वो हे! वतू का?"

"वतू नकोस!" शिवगंगाबाई अशा ओरडल्या की सत्यभामाच्या हातातली घागर हिंदकळली. "तडकंल! खापराच्या तव्यावर गार पानी पडलं तर काय हुतंय? तसंच हे. हेड तडकलं की गेलं, मग कायमचं बंद."

"मग बंद तरी करा!"

"बंद केलं तर खाली काय हुतंय ते बघ वाकून."

सत्यभामा वाकली नाही. तिनं घागर खाली ठेवली आणि रडायला लागली.

ड्रमात वाकून बघितलं तर फुलं वर तरंगत होती. खाली सातही खडे तळाला विखुरलेले. खण त्यांच्यावरून सुटला होता. इंजिनाच्या थरथरीनं हळूहळू सरकत तो तळातल्या पाइपाच्या तोंडावर जाऊन बसला होता, गच्च, बुच मारावं तसा.

आपण वाहिलेला खण. आपल्या हातानं.

एक काम आधी करायला हवं होतं, आणि तेच करायला हात धजत नव्हता. इंजिनाची रेस, म्हणजे वेग, कमी करायला हवी होती, म्हणजे ते आणखी तापायचं थांबलं असतं. पण रेस कमी केली की उपसा कमी, उपसा कमी झाला की खाली पाणी वाढणार. न करावं तर इंजिन धरणार, आणि मग पाणी वाढणार ते वाढणारच. त्यांनी डोळे मिटले, दांड्याला हात घातला आणि रेस उतरवली. इंजिनाचा आवाज खाली आला. उपसलेलं पाणी बाहेर टाकणाऱ्या नळाची धार बारीक झाली.

"वयनी! काय करताय? पानी छातीला आलं त्याच्या!"

त्या खालच्या पाइपाकडं वाकल्या.

खण नुसता ओढून काढला असता, तर सगळं गार पाणी एकदम तापल्या लोखंडात घुसलं असतं, आणि सत्यभामाची घागर बाहेरून जे करणार होती ते आतून झालं असतं. खालच्या पाइपाला इंजिनाजवळ पितळी कॉक होता. आधी तो बंद करायचा. पदराची घडी करून त्यांनी तो धरला. पदरातून चटका आत आला, तळहात भाजला. कॉक फिरला. बंद झाला.

आता ड्रम.

हात पाण्यावर थांबला. काम संपेस्तोवर हात घालणार नाही, असं आपणच बोललेलो. आयांना दिलेला शब्द. एकदा नजर भिडवून झाली, आता शब्द मोडायचा. यानं नवऱ्याला वाचवतोय की त्याला द्यायला निघालोय? बाईंच्या तोंडून आवाज फुटला तो अगदी लहान मुलीसारखा. "आयांनो, चुकलं माझं. मला धरा. त्यांना धरू नका."

आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. तळाला खडे हाताला लागले, खण लागला, पाइपाच्या तोंडात ओढला गेलेला. एका झटक्यात तो सुटला.

त्याच ओल्या खणाची चुंबळ हातात धरून त्यांनी कॉक पुन्हा पकडला आणि केसभर उघडला. आत चर्रर झालं. इंजिन हादरलं. त्यांनी हात थांबवला. चर्रर ओसरलं, तेव्हा आणखी केसभर. पुन्हा चर्रर. घाई करायची नव्हती, आणि खाली पाणी वाढत होतं. त्यांनी एकदाच खाली बघितलं. पाणी गळ्याला आलं होतं. अमरसिंहानं भावाची मान दोन्ही हातांनी वर धरली होती, आणि बोलत होता, सारखा बोलत होता, ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी. कोंडीराम वर बघत होते. या वेळी त्यांनी "किती" विचारलं नाही. वर काठावर दादामियाँचे ओठ हलत होते, हात तारेवर होता.

कॉक आणखी थोडा. आई राजा उदो उदो. आणखी थोडा.

वरच्या पाइपानं एक मोठी ढेकर दिली. वाफ आली, मग गंजाचं लाल उकळतं पाणी थुंकल्यासारखं ड्रमात पडलं. मग काहीच नाही. मग पुन्हा. आणि मग धार लागली. बारीक, पण न तुटणारी. तिच्याखालचं ड्रमातलं पाणी हाताला ऊन लागायला लागलं. इंजिनाचा जाडा आवाज सुटला, आणि आतून ओळखीचं टुक टुक वर आलं. बाईंनी कॉक पूर्ण उघडला आणि रेस चढवली. आधी निम्मी, मग पाइपाला हात लावून, मग पूर्ण. नळानं घशात अडकलेलं ओकावं तसं पाणी फेकायला सुरुवात केली.

पाणी उतरायला लागलं. गळ्याखाली, छातीखाली, कमरेखाली. दगडाची खालची कड दिसली तशी अमरसिंहानं बुडी मारल्यासारखं वाकून साखळी आत सारली, गड्यांनी पलीकडून ओढली. दादामियाँनी यारी हलवली. तार ताठ झाली, करकरली, आणि दगड वीतभर उचलला. वीतभर पुरे होता.

यारीच्या बादलीतून कोंडीरामांना वर आणलं तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि पाय बघवत नव्हता. गावातली जीप आली. सगळे म्हणाले, बाई, चला, बसा. शिवगंगाबाई इंजिनापासून हलेनात.

"एकदम बंद करायचं न्हाय," त्या म्हणत होत्या. दात वाजत होते. वैशाखाच्या उन्हात दात वाजत होते. "निवू द्यायचं आधी."

"भाभी, तुम्ही जा. म्या बसतो इथं," दादामियाँ म्हणाले.

"पाइप धरून बघा. तीनदा म्हणता आलं की मगच बंद करा."

"काय म्हणू तीनदा?"

"तुमच्या देवाचं म्हणा. पर तीनदा."

"बिस्मिल्ला म्हणतो," दादामियाँ म्हणाले, आणि खरोखरच पाइपाला हात लावून बसले.

पाय वाचला. धाराशिवच्या दवाखान्यात सळई घातली, प्लास्टर झालं. शिवगंगाबाई खाटेशेजारी बसल्या त्या तळहाताला मलम लावून, आणि रात्री झोपेत विहिरीत वाकून बघत दचकून उठायच्या. नवऱ्याला सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाणार. शेवटी एकदा दुपारी, शेजारच्या खाटा मोकळ्या असताना, कानाशी तोंड नेऊन त्यांनी सगळं सांगितलं. खडे, खण, कोमट पाइप, पहिली तीन बोटं.

कोंडीराम छताकडं बघत ऐकत राहिले. किती ऐकू आलं देव जाणे.

"दुसऱ्या बारीची बोटं खोटी हुती, ते कळालं हुतं मला," ते म्हणाले, त्यांच्या परीनं हळू, म्हणजे व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल असं.

"कसं काय?"

"तू खाली बघून दाखवलीस. येवढ्या वर्सांत कवा बघितलंय का खाली? तवाच वळखलं, काय तरी इपरीत हाय."

"मग वरडला का न्हाय?"

"वरडून काय करतो? तुला ऐकू आलं असतं आन तुझा हात थरथरला असता."

घरी आल्यावर काठी टेकत ते पहिल्यांदा विहिरीवरच गेले. तोवर विहीर भरली होती, नव्या झऱ्यानं पार कोनाड्याखालच्या पायरीपर्यंत. शिवगंगाबाईंनी सातही खडे कोनाड्यात परत बसवले, स्वतः पायऱ्या उतरून. दहीभात ठेवला. पाण्याकडं बघितलं नाही. भीती गेलेली नाही. उलट आता ती कशाची आहे ते नीट कळलंय, त्यामुळं वाढलीच आहे म्हणा. कॉकाचे डाग पडलेला तो खण त्यांनी कोनाड्यात वाहिला नाही, फेकलाही नाही. देवघरात घडी करून ठेवलाय. कोणी विचारलं तर म्हणतात, आयांचा हाय.

त्या दिवशी वर येऊन बघतात तर कोंडीराम ड्रम रिकामा करून, प्लास्टरचा पाय लांब पसरून बसलेले, आणि हातात तारेच्या जाळीचा तुकडा. तळातल्या पाइपाच्या तोंडावर ते जाळी बसवत होते. मुठीएवढी फुगीर, टोपीसारखी. कापड येऊन बसलं तरी बाजूनं पाणी जावं अशी.

"फेर कवा इहीर उपसायची झाली, आन त्यास्नी कुठं ठेवावं सुचंना," मान वर न करता ते म्हणाले, "तर ठेव खुशाल. जाळी लावलीय."

 ड्रम भरला, इंजिन चालू झालं, आणि शिवगंगाबाई विहिरीकडं पाठ करून आपल्या जागेवर बसल्या. जरा वेळानं उठून वरचा पाइप धरला. तीनदा म्हणून झालं तेव्हा चटका बसला.

"किती?" कोंडीराम गरजले.

त्यांनी हात वर केला.